चमचा देऊन टाकणे

नाशिक, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

देवापुढे बसलो, पण जपात मन लागेना. म्हणून लिहितो आहे.

कारखान्यातली पोरं ट्रेनिंगला जर्मनीला जाणार. त्यांना ठाऊक असलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांना जुळणारे जर्मन शोधून देण्याचं काम माझ्याकडे आहे. आज मरण्याचा आला. इंग्रज मेला की बादलीला लाथ मारतो, जर्मन माणूस चमचा देऊन टाकतो. गंमत वाटली. जिभेवर बसावा म्हणून तो जर्मनमध्ये मोठ्याने घोकत राहिलो.

आई शेजारीच पेज खात होती. तापाने पडून होती, आज पहिल्यांदाच उठून बसलेली. म्हणाली, "दिवेलागणीला काय बरळतो रं? वास्तू तथास्तु म्हनती."

"जर्मन आहे, आई. वास्तूला काय कळणार?"

"तुझ्यासारख्या खेडवळाला कळतंय, मंग तिला नाय कळायचं?" आणि हसली.

मग निम्मी पेज तशीच ठेवून तिने चमचा माझ्यापुढे धरला. "घे रं हा. मला आता नको."

अर्थ मी तिला सांगितलाच नव्हता. चमच्याबद्दल मराठीत एक अक्षर बोललो नव्हतो. मग चमचाच का? वाटी का नाही दिली?

"अजून थोडी खा," मी म्हटलं. हात पुढे केला नाही. ती माझ्याकडे बघत चमचा तसाच धरून राहिली. मी मनात रामनाम घेत होतो. शेवटी तिचा हात खाली यायला लागला, म्हणून घ्यावा लागला.