ताईचा खुबा

४ नोव्हें.
वर्गात पडलेला खडू उचलाले वाकली, तर मांडीच्या सांध्यात अशी कळ आली का टेबल धरूनच उभी राहिली. तीन महिने झाले असंच. खाली बसून पोळ्या लाटणं तर बंदच. माय म्हणते, "वय झालं." चाळिशीत?

७ नोव्हें.
दुर्गले गेली, हाडाच्या डॉक्टरकडे. "कहाँ दुखता है?" अंगठा मागं, बोटं पुढं, खुबा पंजात धरून दाखवला. म्हणे, सब ऐसे ही पकड़ते हैं. मंग उताणं झोपवलं, गुडघा पोटाशी आणला, आत वळवला. ओरडलीच मी. एक्स-रे काढला. एमआरआय सांगितला.
रिक्षात आठवलं. ताई असाच खुबा धरून शेगडीपाशी उभी राहे. सोळाची होती तवा.

११ नोव्हें.
रिपोर्ट आले. मांडीच्या हाडाचा गोळा पुरता गोल नाही, बाजूले उंचवटा आहे. खाली बसलं का तो खुब्यातल्या वाटीच्या काठाले घासते. काठ फाटला आहे.
"लड़कपन में, हड्डी बढ़ते समय बनता है. घर में और किसी को?"
"बड़ी बहन को," म्हटलं. किती वर्षांनी तिचं नाव काढलं…

१२ नोव्हें.
मायले सांगितलं. तिनं हातातलं सूप बाजूले ठेवलं. मंग, "तवा कोण काढत होतं फोटू? सारेच म्हणत, कामचोर आहे."
सारे म्हणजे मीबी. ताईच्या लग्नाच्या साली तिची सासू तिले घेऊन गोंदियाहून आली होती, पोरगी बसून काम करत नाही, घरी कशी होती म्हणून विचाराले. मी सतराची. पटकन बोलली, "इथंबी नाटकंच करे." ताई दारातच उभी होती. सासू एकटीच परत गेली. ताईले नेलं नाही, कधीच.

१६ नोव्हें., रवि.
सुपेल्याले गेली, ताईच्या खोलीवर. उंच स्टुलावर बसून ब्लाउज शिवून राहिली होती. एक्स-रे दिला. खिडकीपाशी धरून पाहत राहिली.
"हे तुहं?"
"हो."
"रिक्षातून उतरताना जास्त दुखते ना?"
"हो, ताई."
मले खुर्ची दिली. म्हटलं, शनिवारी चाल, तुहाबी फोटो काढू.
"फोटो पाहून मानशीन तू. मी सांगत होती तवा कावून नाही मानलं?"
एक्स-रे परत पाकिटात टाकला. रडलीबी नाही मी.
शनिवारचं तिनं हो म्हटलं नाही, नाहीबी म्हटलं नाही. जिन्यापाशी आली फक्त.
"दुखरा पाय आधी खाली टाक," म्हणाली.