एक तास पन्नास मिनिटं

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? चिमी मजेत आहे. पुढचा दात पडलाय, त्यामुळे ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते आणि ती मुद्दाम ‘स’चेच शब्द शोधून बोलते. माझंही बरं चाललंय, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत चौकशीच्या फोनवर बसते, हे मागच्या पत्रात कळवलं होतंच. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर एक फोन आला. बोलणं अगदी सभ्य. आधी तुमच्या शहराचं नाव घेतलं, मग इथलं. अंतर किती, वेळ किती? मी सांगितलं, अकराशे चाळीस किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं.

“सकाळचं पहिलं विमान?”

“सहा वीस.”

“विमानतळावरून शहरात यायला?”

“चाळीस मिनिटं धरा.”

“म्हणजे शाळा सुटायच्या आत पोचतो.” मग म्हणाला, “आवाज बसलाय तुझा. थंडी सोसत नाही तुला.”

ताई, तुमच्या भावाला मी पहिल्या शब्दालाच ओळखलं होतं. तरी सगळं सांगत गेले, मिनिटांसकट. घर सोडून आठ महिने झाले, पण त्याने विचारलं की माझ्या तोंडून उत्तर निघतंच. याची फार लाज वाटते.

काल चिमीला शाळेत पाठवलं नाही. कचेरीतल्या मोठ्या बाईंनी आम्हाला त्यांच्या घरी ठेवून घेतलं. दुपारी शाळेत फोन केला, तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, “तिचे बाबा येऊन गेले. किती हौशी आहेत हो! निळं स्वेटर घेऊन आले होते. एक बाही विणायची राहिलीये, सुया तशाच अडकलेल्या, तरी आणलं.”

चिमीसाठी निळं स्वेटर विणायला घेतलंय, असं तुम्हीच लिहिलं होतंत. अर्धवट विणकाम तुम्ही आपणहून कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत.

माझा पत्ता तुमच्याकडून गेला असेल तर मला तिळभर राग नाही. त्याचा हात काय असतो, ते मला वेगळं सांगायला नको. तुम्हीच तर मला त्यातून बाहेर काढलंत. कालपासून तुमचा फोन नुसता वाजतोय. इथल्या चौकीत तक्रार दिली. तुमच्या चौकीलाही फोन केला, तर म्हणाले, “गेल्या असतील कुठे नातेवाइकांकडे.” तुमचे नातेवाईक म्हणजे तो आणि आम्ही दोघी.

संध्याकाळच्या विमानावर ओळखीची एक मुलगी कामाला आहे. पत्र तिच्याकडे देतेय. रात्री नऊपर्यंत ती तुमच्या गल्लीत येईल. तिला बजावलंय, पत्र दाराखालून सरकवायचं नाही, शेजारी द्यायचं नाही, ताईंच्याच हातात द्यायचं. दार उघडलं नाही, तर समोरच्या शिंपीणबाईंना घेऊन थेट चौकीत जायचं आणि पोलीस दार उघडायला निघेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आम्ही आज हे शहर सोडतोय. नवा पत्ता तुम्हालाही देत नाही. तुम्हाला माहीतच नसलेलं तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही.

बाकी काय लिहू? हे वाचत असाल, तर दार तुम्हीच उघडलंय. तेवढ्यासाठीच हे पत्र.

तुमच्या भावाची आता कुणी नसलेली,
तुमची मात्र भावजयच