कोकरू पबविरुद्ध माझ्या एकतीस तक्रारी

थॉर्नशॉ, यॉर्कशायर
रविवार, चर्चहून आल्याबरोबर

चि. नॉरिस यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, आणि ख्रिसमसला दोन ओळी न पाठवल्याबद्दल कानाला एक चिमटा. तिकडे टास्मानियात तुझा गुडघा कसा आहे? माझा उजवा बरा आहे, डाव्याशी माझं बोलणं नाही.

पत्रास कारण आपलं ‘कोकरू’. (पाटीवर ‘द शॉर्न लॅम्ब’ आहे, पण पब शोधत येणारे परगावचेच तेवढे तसं म्हणायचे.) पब चालवणारी कॉनी बॅरक्लॉ थकली, मुलीकडे राहायला गेली आणि पबाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. आता मालक कंपनीला तिथं सहा फ्लॅट काढायचे आहेत. ही जागा गावाच्या रोजच्या जगण्याला लागत होती असं दाखवून द्या, मग आम्ही अडवू, असं जिल्हा परिषदेनं कळवलं. मी म्हटलं, मी दाखवते. सगळे माझ्याकडे बघतच राहिले, कारण तुझे दाजी होते तोवर त्या पबाचं नाव मी घरात काढू देत नव्हते.

तरी वही घेऊन दारोदार फिरले. सेथ लंब म्हणाला, आयुष्यातली उत्तम बारा वर्षं त्यानं कोकरूमध्ये काढली. वही उघडून नीट विचारलं तेव्हा कळलं की ती बारा वर्षं त्याला तिथं बंदी होती. तो रोज बाहेरच्या कठड्यावर बसायचा आणि कॉनी त्याचा ग्लास खिडकीतून द्यायची, कारण बंदी फक्त आत यायला होती. आपले जुने पाद्री म्हणाले, बर्फानं चर्चचं छप्पर बसलं त्या हिवाळ्यात सात रविवार उपासना त्यांनी तिथंच घेतली आणि बर्फाच्या बादलीत एका मुलीचा बाप्तिस्माही केला. (ती आता चाळिशीची आहे आणि अजून वारंवार शिंकते.) असं असं सगळं मी लिहून घेतलं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. परिषदेच्या बाई, मिस प्रीस्टनॉल, स्वतःच शाळेतून सुटल्यासारख्या दिसत होत्या. मी वही वाचली. कंपनीचे वकील म्हणाले, या झाल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, त्या काळात लिहिलेलं काही आहे का? काय दाखवणार? पबातले सगळे कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हाच लगदा झाले होते. तेवढ्यात मिस प्रीस्टनॉलनी पिशवीतून एक जाड फाईल काढली, आणि लांबूनच मी माझं अक्षर ओळखलं.

नॉरिस, परिषदेनं माझ्या सगळ्या तक्रारी जपून ठेवल्या होत्या. एकतीस! त्या बाईंनी एक शांतपणे वाचली. “महोदय, आज आमच्या अख्ख्या रस्त्यावर एकही माणूस घरी नाही. सगळे त्या पबात आहेत.” मग खाणीच्या संपातली. “महोदय, गेले पाच महिने हा पब रोज चाळीस घरांचं जेवण रांधतो आहे आणि माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना कांद्याचा वास येतो.” (त्यातलं चाळिसावं घर कुणाचं ते मी लिहिलं नव्हतं. ते आमचं होतं.) शेवटची तुझे दाजी जायच्या आदल्या वर्षीची. “महोदय, तिथं माणसं घरच्यापेक्षा सुखी असतात. काहीतरी करा.”

वकिलांनी विचारलं, “बाई, हा पब बंद करा असंच तुम्ही मागत होता ना?”

मी म्हटलं, “हो. तीस वर्षं मागत होते आणि परिषदेनं एकदाही ऐकलं नाही. आता ऐकायला लागू नका.”

एक गोष्ट मात्र मी तिथं बोलले नाही, तुला सांगते. दाजींना पुरल्यावर त्या गुरुवारी मी पहिल्यांदा कोकरूच्या आत पाऊल टाकलं. कॉनीनं त्यांची खुर्ची भिंतीपासून जरा ओढली, एवढंच. तेव्हापासून पब बंद होईपर्यंत एक गुरुवार मी चुकवला नाही.

मंगळवारी निकाल आला. फ्लॅट होणार नाहीत. कंपनीनं पब गावाला चालवायला द्यायचं कबूल केलंय. फळ्या मी आणि सेथनं काढल्या. (त्यानं खिळे धरले, मी बोलले.)

बाकी सगळं ठीक. हवा घाण आहे.

तुझी ताई,
अ‍ॅव्हिस हेबलथ्वेट

ता. क. – कंपनीची एकच अट आहे. वसंत ऋतू लागायच्या आत पब चालवणारा माणूस हवा. गावसभेत मी तुझं नाव दिलं. एकोणिसाव्या वर्षी कॉनीच्या बापाच्या हाताखाली तू पिंपं उघडत होतास, आणि तुझी बायको डोरीन गेल्यापासून तिकडे तू दिवसभर एका काकाकुव्याशी बोलत बसतोस, हे तुझ्या लेकीनं मला कळवलंय. सगळे हात वर गेले. तू नव्हतास म्हणून तुझाही मीच वर केला.

पुन्हा ता. क. – वरच्या खोलीचे पडदे शिवून झाले आहेत. हिरवे आहेत. तुला हिरवा रंग आवडत नाही हे मला ठाऊक आहे. सवय होईल.