दोघींचा एक नवरा

कडाव,
२८ जानेवारी २०२४

ति. रोहिदासदादास,

धाकट्या इंदूचा शि. सा. न. आधी घे आणि मग वि. वि. वाच, कारण आज मी भांडायला बसले आहे. फोनवरच भांडले असते, पण तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू कपाटात जपून ठेवलं आहेस.

माझी जाऊ सोनुबाई आणि मी, आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्याच्या आठवणीसाठी शाळेला पाण्याची टाकी आणि चार नळ दिले, हे तुला ठाऊक आहे. शाळा आता सेमी-इंग्रजी झाली, म्हणून पाटी इंग्रजीत हवी असं कमिटीने ठरवलं. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला सख्खा भाऊ कर्जतला असताना मजकूर दुसऱ्या कुणाकडे कशाला मागायचा, असं मी ठरवलं. चूक माझी.

परवा झेंडावंदन झाल्यावर पाटीवरचा पडदा सरकवला. माझी नात हर्षला कॉलेजात जाते, म्हणून सरपंचांनी तिला वाचायला सांगितलं. तिने वाचलं, ‘गिफ्टेड बाय इंदूबाई अँड सोनुबाई, इन मेमरी ऑफ देअर हजबंड.’ अर्थ सांग म्हटल्यावर ती गप्प झाली. तेव्हा डेअरीवरच्या वाघ्याने पुढे होऊन सांगून टाकलं, की बाया दोन हायत, पन नवरा दोघींत एकच हाय. सरपंच हसले, डेअरीवाले हसले, भजनाच्या बायका पदराआड हसल्या. हेडमास्तर खोकले, पण ते हसणंच होतं.

सोनुबाई पेढा न घेता घरी गेली. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर आलेली नाही आणि माझ्या हातचं जेवतही नाही. दादा, उल्हास नदीच्या पुरात माझा धाकटा दीर गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आमच्या यांनी तिच्या वाटणीचं भात लावलं, तिला तहसील कचेरीत नेलं-आणलं, आणि गाव काय काय बोललं ते तू ऐकलंस. तेव्हा तुला ऐकू येत होतं. हे वारले त्याला चार वर्षं झाली, बोलणं आता कुठे थांबलं होतं. ते तू दगडात कोरून दिलंस.

पाटी बदल. लोभ आहेच, तो टिकेल असं काही कर.

तुझी,
इंदू


कर्जत,
२ फेब्रुवारी २०२४

चि. इंदूस,

अनेक आशीर्वाद, व्याकरणासहित.

पाटीत चूक नाही. एकेकाकडे एकेकच वस्तू असेल, तर इंग्रजीत ती वस्तू एकवचनी लिहिलेली चालते. मराठीतही ‘पोरांनी तोंड धुतलं’ असं आपण म्हणतो, म्हणून सगळ्या पोरांना मिळून एकच तोंड आहे असं कुणी समजत नाही. उलट मी ‘हजबंड्स’ लिहिलं असतं, तर एकेकीला तीन-तीन नवरे होते असाही अर्थ काढता आला असता. वाघ्याने तो काढलाच असता. हा वाघ्या माझ्याकडे नववीत दोनदा बसला होता. त्याच्या अर्थावर गाव हसत असेल, तर गावाची कीव करावी, पाटी बदलू नये.

सोनुबाईंना नियम समजावून सांग, म्हणजे त्या जेवतील.

सर्वांना यथायोग्य, वाघ्याला काहीच नको.

तुझा,
दादा


कडाव,
७ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,

शि. सा. न. अर्धाच, उरलेला पाटी बदलल्यावर.

तोंड पोरासोबत जन्माला येतं, ते शेजाऱ्याच्या पोराचं तर नाही ना, असं कुणी विचारत नाही. नवऱ्याचं तसं नसतं. आणि मराठीत ‘आपापला’ असा एक शब्द आहे. तुझ्या इंग्रजीला तो सुचत नसेल, तर त्याची शिक्षा सोनुबाईने का भोगायची? मी तिला तुझा नियम सांगितला. तिने ऐकून घेतला आणि दार लावलं.

हर्षला म्हणते, शेवटी एक ‘एस’ बसवायला जागा आहे. तेवढं तरी खालापूरच्या पाटीवाल्याला सांग.

माया पातळ होत चाललेली,
इंदू


कडाव,
१२ फेब्रुवारी २०२४

रोहिदासभाऊ यांस,

सोनुबाईचा नमस्कार. माजी चौथी झालीया, अक्षर गोड मानून घ्या.

तुमचा नेम मला समजला. तुमी वाईट मनानं लिवलं नाय, ते बी ठाऊक हाय. पन एस नका लावू. एस लावला तर आणखी आठ दिस लोक तेच वाचाया जातील. तुमच्या इंग्रजीत एक तर दोघींत एक, नाय तर एकेकीला कितीबी. मला एकच होता, तोबी सा वर्सं. त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं. नंतर घ्यायची वेळच आली नाय. आज इथं लिवते. भिवाजी. ते लिवा पाटीवर. थोरल्या भावजींचंबी लिवा. कुनाचा कोन, ते मराठीत लिवा.

दुसरं एक. गाव हसलं त्याचं मला काय नाय, गाव बत्तीस वर्सं हसतंय. गाव बोललं तवा जाऊबाई कधी बोलल्या नाय, म्हणून मी त्या घरात राह्यले. त्या दिशी पयलं हसू जाऊबाईंचं होतं. मी शेजारीच उभी होते.

तुमच्या घरी सगळ्यांना बरं असू दे.

सोनुबाई


कर्जत,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. इंदूस,

आशीर्वाद. सोबत सोनुबाईंचं पत्र आहे. ते तुला दाखवू नका असं त्यांनी म्हटलेलं नाही.

काल मी स्वतः खालापूरला जाऊन पाटीवाल्याला मराठी मजकूर दिला. नियम बरोबर आहे, अजूनही म्हणतो. पण दोन माणसं गेली आणि त्यांची नावं लिहायचं मला सुचलं नाही. दगड लहान होता, एका शब्दात काम भागलं, यातच मी खूश होतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई ओतली. आता ही माझ्या वहीतली.

तुझ्याही पत्रात एक चूक सापडली. कोण कोण हसलं त्याची तू मोठी सविस्तर यादी दिलीस, अगदी हेडमास्तरांच्या खोकल्यापर्यंत. तीत एक नाव गाळलंस, आणि तेच पहिलं होतं.

उत्तराची घाई नाही.

दादा


कडाव,
१० मार्च २०२४

ति. दादास,

शि. सा. न. पूर्ण.

नवी पाटी काल लागली. ‘भिवाजी यांच्या स्मरणार्थ पत्नी सोनुबाई. येसाजी यांच्या स्मरणार्थ पत्नी इंदूबाई.’ धाकट्याचं नाव वर कसं, असं वाघ्याने विचारलं. जो आधी गेला तो वर, असं मी सांगितलं, आणि तो इंग्रजीत किती वेळा नापास झाला तेही सर्वांसमोर सांगितलं. नंतर कुणाला शंका उरली नाही.

मी का हसले ते तुला लिहिणार नव्हते. वाघ्याने अर्थ सांगितला तेव्हा, जे मी इतकी वर्षं यांना विचारलं नाही आणि तिलाही विचारलं नाही, ते कुणीतरी मोठ्याने बोललं. मला वाटलं, मी हसले तर सगळ्यांना ती थट्टाच वाटेल. मलाही वाटेल.

तुझं पत्र आलं तरी तीन आठवडे मी तिच्या दाराशी जाऊन परत येत होते. आज आत गेले. ती तांदूळ निवडत होती. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, की पयल्याच वर्सी इचारलं असतंत तर पयल्याच वर्सी सांगितलं असतं, काय नव्हतं. मी वाट बघत व्हते तुमी कधी इचाराल त्याची.

 तिने सुपातले अर्धे तांदूळ ताटात ओतले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. खडे फार आहेत, म्हणून पत्र इथेच आवरते. तुझ्यावरचा राग निवळला आहे, पण कानाचं मशीन लावलंस तर जास्त निवळेल.

तुझी,
इंदू