मागून दुसरा बाक

ता. ९ जानेवारी

ती. आत्यास,
स. सलाम वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतोय ते आधी कळव, आणि नुसतं "ठीक आहे" लिहू नकोस. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपण तू तेच लिहिलं होतंस.

माझं मस्त चाललंय. चष्म्याच्या दुकानात आता मला एकटीला डोळे तपासू देतात. दिवसभर लोकांना हे स्पष्ट दिसतंय की ते, असं विचारून विचारून घरी भाजी निवडतानापण तोंडात तेच येतं.

पण खरी बातमी वेगळीच आहे. आमच्या मेथडिस्ट मंडळीने मला स्वागत समितीत घेतलंय. आधी कुणी नवीन आलं तर ते गपचूप मागे बसायचं आणि शेवटच्या गीताच्या आत सटकायचं, कुणाला पत्ताच नाही. आता मी छातीवर पिवळा बिल्ला लावून दारात उभी असते. उपासनेत नोटिसा वाचून झाल्या की नवीन लोकांनी उभं राहायचं. मी माइक नेऊन देते, त्यांनी नाव सांगायचं, कुठून आले ते सांगायचं आणि मग सगळे टाळ्या वाजवतात. मागच्या रविवारी एक आजोबा इतके बावरले की कुठून आलात विचारल्यावर म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरून. हसून हसून पुरेवाट. आमच्या कमिटीच्या अध्यक्ष म्हणजे दातांच्या डॉक्टर मॅडम. त्या म्हणाल्या की माझ्यासारखी मुलगी मंडळीला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

बाबा म्हणतात, मी घोड्यावर बसून आलेय. तू तरी तसं म्हणू नकोस.

लोभ आहेच तुझा, थोडा पाकिटात घालून पाठव.

तुझी लाडकी भाची


ता. २० जानेवारी

चि. घाईबाईस,
अ. आ.

तुझ्या बाबाचं खरं आहे. पण तो स्वतः जन्मला तोच लगाम धरून, त्यामुळे तू कुणावर गेलीस हे शोधायला लांब जायला नको. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंबलतो. वसतिगृहातल्या मुली म्हणतात की मेट्रनबाईंसाठी लिफ्ट मागू या. इमारत दोन मजल्यांची आहे. तुझ्या पत्रातले अर्धे शब्द मला त्यांच्याकडूनच समजावून घ्यावे लागतात.

आता कामाचं. माझा लेक, तुझा दादा, जेलमधून सुटला. तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या हाताने लिहिते, म्हणजे उद्या कुणी तिखटमीठ लावून सांगितलं तर तुझ्याजवळ खरं असेल. भांडण झालं, त्याने ढकललं, समोरचा माणूस जिन्यावरून पडला आणि गेला. दादाने कोर्टात एक शब्दही फिरवला नाही. सात वर्षं आत काढली. आता त्याला तुझ्या गावात टायरच्या दुकानात काम मिळालंय, दुकानामागेच खोली. माझ्या वसतिगृहात पुरुष माणसाला राहू देत नाहीत, मग तो मेट्रनचा मुलगा का असेना.

आत असताना त्याला रविवार खायला उठायचा. इतर दिवशी सुतारकाम असायचं. रविवारी काम बंद, दुसऱ्यांची माणसं भेटायला यायची, आणि मला दर वेळी जमायचं नाही. म्हणून तुझ्याकडे एकच मागते. रविवारी त्याला तुझ्याबरोबर उपासनेला ने. चार माणसांत त्याला बसायला जागा मिळू दे, एवढंच. आणि त्याच्या हातात तुझा तो माइक देऊ नकोस. त्याला खोटं बोलता येत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
स. सलाम वि. वि.

दादा आला! मला वाटलं होतं कसातरी दिसेल, पण इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. फक्त दारापाशी आल्यावर थांबतो. मग लक्षात आलं, आत जा असं कुणी म्हणेपर्यंत तो थांबतो. मी म्हटलं, अरे दादा, इथे परवानगी लागत नाही.

आता एक सांगते, रागवायचं नाही. मी त्याला माइक दिला. तू नको म्हणालीस ते लक्षात होतं. पण मी खूप विचार केला. लपवालपवी केली की ती कधीतरी बाहेर येतेच, आणि मग लोक जास्त वाईट बोलतात. आणि आपल्याच मंडळीत नाही सांगायचं तर कुठे सांगायचं? मी त्याला विचारलंपण. तो म्हणाला, तू म्हणशील तसं.

तो मागून दुसऱ्या बाकावर होता. उभा राहिला, नाव सांगितलं, आणि कुठून आलात यावर म्हणाला की जेलमधून, माझ्या हातून एक माणूस गेला. एवढंच. आणि मग टाळ्या. आजपर्यंत कुणासाठीच एवढ्या वाजल्या नसतील. पाळकसाहेबांनी खाली येऊन त्याला मिठी मारली. बेकरीवाल्या काकांनी जाताना बनची पिशवी दिली. दातांच्या मॅडमचे तर डोळे भरून आले होते.

बघ, तू उगाच घाबरत होतीस. आता जिंकले म्हणून मिरवत नाहीये, पण थोडं मिरवतेय.

राग आला तर त्याच्यासकट लोभ पाठव.

तुझी भाची


ता. १२ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, तेव्हा तो विषय सोडू.

टाळ्या पुष्कळ झाल्या, ऐकून घेतलं. आता मला दुसरं कळव. त्याच्या शेजारी कोण बसलं? उपासनेनंतर बाहेर चहाला उभे राहता तुम्ही, तेव्हा त्याच्याशी कोण बोललं, आणि काय बोललं? या महिन्यात तुमचं प्रीतिभोजन असेल. आमच्या मंडळीत आहे तसं तुमच्याकडेही असणार, बन मोडून द्यायचा आणि पाण्याचा दोन कानांचा मोठा कप बाकाबाकावरून हातोहात फिरवायचा. तो कप दादाच्या हातात कुणी दिला आणि त्याच्या हातून कुणी घेतला, ते नीट बघून लिही. नाव नको, मला तिथलं कोण माहीत आहे. नुसतं दिला आणि घेतला, एवढं पुरे.

गुडघा होता तिथेच आहे.

मायेत कसर नाही, बोलण्यात असली तर समजून घे.

तुझी आत्या


ता. २ मार्च

ती. आत्यास,
स. सलाम वि. वि.

उशीर झाला, सॉरी, पण कारण ऐकलंस तर खूश होशील. मी कमिटीची सेक्रेटरी झाले! सगळ्यात लहान सेक्रेटरी. आणि माझा पहिलाच ठराव एकमताने पास झाला.

झालं असं की मॅडमनी मला दवाखान्यात बोलावलं आणि म्हणाल्या की सगळ्यांनी एकाच कपाला तोंड लावायचं हे आजच्या काळात बरोबर आहे का, तू शिकलेली मुलगी आहेस, तुझ्यासारख्या तरुण माणसाने मांडलं तर मोठी माणसं ऐकतील. मला एकदम पटलं. जंतू, लाळ, सर्दीपडसं. मी चार्ट करून नेला. एरवी वेदीवरच्या चादरीच्या रंगावरूनसुद्धा ज्यांचं एकमत होत नाही, त्या सगळ्यांचे हात वर. आता दाराजवळच्या टेबलावर कागदी ग्लास भरून ठेवतो. आपला आपण उचलायचा आणि जागेवर जाऊन बसायचं. वेळही वाचतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की यंदा कुणी कुणाला दिलाच नाही.

दादा दर रविवारी येतो. मागून दुसरा अख्खा बाक त्याला मिळतो, आम्ही पुढे कोंबून बसतो, आणि तो आपला पाय पसरून राजासारखा. चहाच्या वेळी मी त्याच्याशी बोलते. बाकीचे लाजतात गं, नवीन माणसाशी काय बोलायचं हे पटकन सुचत नाही. ऑर्गनवाल्या बाई हल्ली पर्स मांडीवर घेऊन वाजवतात, पण खाली ठेवायला वाकलं की त्यांची पाठ दुखते म्हणून असेल. मॅडमना त्याची खूप काळजी आहे. त्या म्हणाल्या की गर्दीत त्याला अवघडल्यासारखं होत असेल, तर त्याने बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या मागच्या खोलीत येत जावं, तिथे निवांत प्रार्थना होईल. किती विचार करतात ना?

सेक्रेटरीबाईंवर लोभ वाढवावा, पदाप्रमाणे.

तुझी भाची


ता. ११ मार्च

चि. भाचीस,
अ. आ.

आज घाईबाई म्हणत नाही. 

इतकी वर्षं तुमची मंडळी त्या कपाने पाणी प्यायली. कुणाला सर्दी झाली नाही? झाली असेलच. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातून कप घेतलात, नाक गळणाऱ्या पोरांच्या हातून घेतलात, तेव्हा कुणाला जंतू आठवले नाहीत. दातांच्या डॉक्टरलासुद्धा नाहीत. माझा मुलगा बाकावर येऊन बसला आणि महिन्याभरात तुम्हाला सायन्स आठवलं.

तो कप हातोहात का फिरवतात, हे तुला कुणी शिकवलं नाही का? शेजारी कोण बसलंय ते आपण निवडत नाही, म्हणून. जो असेल त्याला द्यायचा, जो देईल त्याच्याकडून घ्यायचा. त्यांना ते नको होतं आणि तोंडाने म्हणायची लाज वाटत होती. म्हणून त्यांनी तुझ्या तोंडून म्हणवून घेतलं. तू त्याचा चार्ट करून नेलास.

आणि तो राजासारखा बसत नाही. बाक रिकामा ठेवलाय, त्यावर तो बसतो. जिला लोकांचे डोळे तपासायचा पगार मिळतो तिला एवढं दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

तू वाईट नाहीस. तुला कौतुक फार लवकर पटतं.

लोभ आहे. आज जास्त लिहवत नाही.

तुझी आत्या


ता. २५ मार्च

ती. आईस,
सलाम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. शेठ कमी बोलतो, त्यामुळे आमचं जमतं.

तुझं पत्र घेऊन तुझी घाईबाई दुकानात आली होती. ग्रीसच्या स्टुलावर बसली, नवा ड्रेस खराब झाला आणि तिला कळलंही नाही. खूप रडली. म्हणाली, कमिटी सोडते. मी म्हटलं, नको. मॅडमना तिने विचारलं, तर त्या म्हणाल्या की तुझ्या आत्याबाईंना लांबून तसं वाटतं, त्यांचंही चुकत नाही, आईचं काळीज आहे. ती त्यांना काय बोलणार? तिच्यावर चिडू नकोस. दर रविवारी दारात मला बघून खरी खूश व्हायची ती एकटीच होती.

दोन बुधवार जाऊन बघितलं. पाळकसाहेब आणि मी, दोघेच. प्रार्थना चांगली केली त्यांनी. दोन्ही वेळा डोळे उघडे ठेवून केली.

पुढच्या रविवारी परत सकाळी गेलो. एक लहान पोरगी सरकत सरकत माझ्या बाकावर आली आणि माझ्या घड्याळाशी खेळायला लागली. तिच्या आईने येऊन तिला दंडाला धरून उचललं. माझ्याकडे बघून हसली, आई. हसत हसत उचललं. आत असताना लोक शिव्या द्यायचे, त्याचं काय करायचं ते कळायचं. या हसण्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

शेठने विचारलं की रविवारी दुकान उघडायला कोण येईल, सगळ्यांना घरदार आहे. मी हात वर केला. आता रविवारी मीच असतो. पंक्चर फार येत नाहीत. मी टायर रचतो, परत उतरवतो, मापाप्रमाणे लावतो. दिवस जातो.

तुझ्या मनाविरुद्ध झालं, कळतं मला. पण घाईला हे लिहू नकोस. तिला लिही की मी दुसऱ्या एका मंडळीत जायला लागलोय आणि तिथे बरं चाललंय. तिचं वय झुरत बसायचं नाही. तुला खोटं लिहायला सांगतोय, माफ कर.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा मुलगा


ता. २ एप्रिल

चि. घाईबाईस,
अ. आ.

दादाचं पत्र आलं. तो आता दुसऱ्या एका मंडळीत जातो. कामाच्या जवळ आहे. मोठी नाही, पण तिथे त्याला जागा आहे. तू आता त्याच्यासाठी दारात थांबू नकोस.

मागच्या वेळी मी जास्त बोलले. म्हाताऱ्या माणसाची जीभ, मनावर घेऊ नकोस. कमिटीचं काम सोडू नकोस.

गुडघा ठीक आहे.

लोभ आहे, होता तसा.

तुझी आत्या


ता. ११ एप्रिल

ती. आत्यास,
स. सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकानात अक्षरशः नाचले, समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याचा नंबर कमी झाला. आत्या, मला गेले कितीतरी दिवस झोप नव्हती. रोज वाटायचं, सगळं माझ्यामुळेच झालं. आता एवढं हलकं वाटतंय म्हणून सांगू.

रविवारी नोटिसांमध्ये मी स्वतः माइकवर सांगितलं की आपल्या दादाला दुसऱ्या मंडळीत घर मिळालं. सगळ्यांचे चेहरे असे खुलले. बेकरीवाले काका म्हणाले की त्यांना मनातून त्याची काळजी लागून राहिली होती. ऑर्गनवाल्या बाईंनी आपणहून एक स्तुतिगीत वाजवलं. मॅडम उठून म्हणाल्या की आपण त्याला पहिला आधार दिला, म्हणून तो पुढे जाऊ शकला. आणि मग टाळ्या. खरं सांगते, तो पहिल्या दिवशी आला होता तेव्हापेक्षा जास्त.

मागून दुसऱ्या बाकावर आता एक नवीन कुटुंब बसतं, खूप गोड लोक आहेत. 

आणि एक काम आहे तुझ्याकडे. कमिटीने ठराव केलाय की त्या मंडळीला आपल्या सगळ्यांच्या सह्यांचं आभाराचं पत्र पाठवायचं. मसुदा मी केलाय, सह्यापण झाल्यात. दादाला फोन केला तर तो कामात होता, म्हणाला आईला विचार. तेव्हा त्या मंडळीचं नाव आणि पत्ता लगेच कळव. आणि जमलं तर हेही विचारून घे, की नवीन माणसाचं स्वागत ते कसं करतात. आपल्यालाही शिकता येईल.

लोभ वाढवत राहा, उत्तराची वाट बघतेय.

तुझी लाडकी भाची