घाईने येण्यासारखं काही नाही

१४ मार्च

प्रिय ताई,

इकडे सगळं ठीक. तुम्हीही तिघं बरी असाल. बाबांचा गुडघा तसाच आहे. काठी आणून दिली, पण ती दाराआड उभी असते, हातात धरत नाहीत.

मी स्पॅनिश शिकते आहे, हे तुझ्या लेकीकडून तुला कळलंच असेल. दर रविवारी फोन तीच उचलते. तू शेजारी असतेस, भांड्यांचा आवाज येतो. तिला तिकडची स्पॅनिशच येते, आपली भाषा चार शब्दांपुढे येत नाही. "मावशी, मांजर" एवढ्यावर किती दिवस काढणार? त्यात आता तुझ्याकडे यायचंही ठरलंय, म्हणून शिकवणी लावली.

या आठवड्यात 'पेरो', 'आउन्के' आणि 'ओ' झाले. पण, जरी, किंवा. बाईंनी प्रत्येकाचं स्वतःबद्दल एक वाक्य करायला सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेत वजनकाटे तपासले, की दाखल्यावर दोनच चौकोन असतात, योग्य आणि अयोग्य. 'पण' लिहायची मला सवय नाही. दहा मिनिटं कागद कोराच. बाई हसून म्हणाल्या, "अहो, खोटं लिहिलंत तरी चालेल!"

खोटं एक तयार होतं.

दोन वर्षांपूर्वी मी तुला फोनवर म्हणाले, "आईला बरं नाही, पण घाईने येण्यासारखं काही नाही." त्याच सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की तिचे चारच दिवस उरलेत. मी चुकून बोलले नाही. तीन वर्षं तिचं सगळं मी केलं, तरी दारात पाऊल वाजलं की ती तुझं नाव घ्यायची. ते चार दिवस मला एकटीला हवे होते. त्यातही ती तुझीच वाट बघत होती.

वेळेवर आली नाहीस म्हणून तू स्वतःलाच दोष देतेस, हे मला माहीत होतं. मी देऊ दिला.

काल बाबांना सांगितलं. त्यांनी काठी घेतली आणि ते एकटेच बाहेर पडले.

गेल्या रविवारी तुझ्या लेकीने स्पॅनिशमध्ये विचारलं, "मावशी, तू आलीस की खिडकीजवळ झोपणार 'ओ' आईजवळ?" तिचं पूर्ण वाक्य मला पहिल्यांदाच कळलं. आवाज येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

या रविवारी पुन्हा करेन. ताई, फोन तू उचल. येऊ नकोस म्हणालीस तरी चालेल, पण ते तू म्हण.

अजून तुझीच,
धाकटी