चार माणसांचा तंबू

७ एप्रिल १९५७, रविवार. सकाळी ९.
मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात तंबू घेतला. चार माणसांचा आहे. आम्ही दोघंच, म्हणजे ऐसपैस.
प्लॅन पक्का. १२ मे, सकाळची सातची बस, चिखलदरा. आठ दिवस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दोघं मिळून कुठे गेलो नाही. मूलबाळ नाही, अडवणारं कुणी नव्हतं. राहून गेलं, एवढंच.
चारुशीला गेल्या जूनपासून अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवते. मावशीकडे राहते. तात्पुरतं आहे. आमच्या राजापेठेतल्या लोकांना विचारायला दुसरे विषय नाहीत.
तिला सविस्तर पत्र टाकलं. तंबूची संपूर्ण जबाबदारी माझी, असं खाली रेघ मारून लिहिलं.
उद्यापासून घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर प्रॅक्टिस. टार्गेट पंधरा मिनिटं.

८ एप्रिल. संध्याकाळी ७.
दोन तास लागले. उभा राहिला. पाणी प्यायला घरात गेलो, परत येतो तो तंबू बसलेला.
दोष दोरांचा. जुने आहेत.

९ एप्रिल.
नवे दोर आणले. तंबू बसला. दोष वाऱ्याचा.

११ एप्रिल. ऑफिसातून आल्यावर.
शेजारच्या शेताचा मालक सूर्यभान म्हशीला पाणी दाखवायला आला होता. बराच वेळ बघत उभा. मग म्हणाला, "बाबूजी, खुटी उभी काहून ठोकून राहिले? तंबूकडून मांगं झुकवून ठोका. आन् वीतभर खुटीनं काय होते? ही काळी जमीन हाय. उन्हाळ्यात फाटते."
मी त्याला शांतपणे सांगितलं की खुंटी सरळ ठोकली की जोर सरळ खाली जातो. हे सायन्स आहे.
तो "बरं" म्हणाला. त्याच्या "बरं"चा सूर मला आवडला नाही.
हातोडा सापडेना म्हणून वरवंट्यानं ठोकतो आहे. एका बाजूचा टवका उडाला. चारुशीलेला कळवण्याची गरज नाही.

१४ एप्रिल, रविवार.
जमिनीच्या भेगेत खुंटी आयती जाते, ठोकावी लागत नाही, हा शोध मला लागला. वेळ वाचला. अठ्ठावीस मिनिटांत तंबू उभा!
आत जाऊन बसलो. आणि तो अंगावर आला. कापड जाड, दार कुठल्या बाजूला ते समजेना. सूर्यभानची बायको गोदाबाई कापड उचलून म्हणाली, "अगा माय, बाबूजी हायेत का आत! मले वाटलं, वासरू अडकलं."
खुंटी जशी आयती जाते तशीच आयती निघते. लक्षात ठेवणे.

१७ एप्रिल.
अकोल्याहून कार्ड. पाच ओळी. परीक्षेचे पेपर तपासते आहे. ऊन फार आहे. दूध नासू देऊ नका. चिखलदऱ्याचं पाहू. आपली, वगैरे.
"पाहू" म्हणजे होच. नाही म्हणायचं असतं तर तिनं स्पष्ट लिहिलं असतं. ती स्पष्ट बोलणारी आहे. पूर्वी फार बोलायची.
कार्ड चार वेळा वाचलं. अक्षर सुधारलंय.

२० एप्रिल.
प्रत्येक खुंटीवर दोन विटा ठेवल्या. सिस्टिम उत्तम.
ऑफिसातल्या भगवंतरावांना तंबूत चहाला बोलावलं. आले. वाकून आत शिरले, चहा घेतला, तंबूची तारीफ केली. मग म्हणाले, "वहिनी कधी येणार, हरिहरराव?"
म्हटलं, बारा मेला निघतोय आम्ही.
ते बशी पुसायला लागले. बशी कोरडीच होती.

२१ एप्रिल, रविवार. दुपारी ४.
वावटळ आली. विटा जागेवर राहिल्या, तंबू गेला.
सूर्यभानच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन बसला. मी धोतर सावरत मागे. गल्लीतली झाडून सगळी माणसं बघायला. सूर्यभाननं गंजीवर चढून तंबू खाली दिला. म्हणाला, "बाबूजी, मी बाभळीचा खुंट गाडून देऊ का? दहा मिन्टाचं काम हाय." मी आभार मानून नको म्हटलं. जबाबदारी माझी आहे. तसं पत्रात लिहिलंय.

२५ एप्रिल.
जमिनीवर भरवसा ठेवणंच चूक. नवी सिस्टिम. एक दोर खिडकीच्या गजाला, एक न्हाणीच्या खांबाला, एक पपईला.
संध्याकाळी पपई पडली. तंबूवरच. चारुशीलेनं लावलेली होती. यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती.

२८ एप्रिल, रविवार.
वारा नाही. तंबू सकाळपासून उभा. दुपारी आत सतरंजी टाकून पडलो.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी. कुठेही बसलं तरी बाकीचं घर रिकामं असतं. तंबूत तसं होत नाही. एका माणसानं तो भरतो.
चार माणसांचा म्हणून विकला. फसवणूक आहे. लहानच आहे.

५ मे, रविवार. रात्र झाली. सगळं नीट लिहितो.
सकाळी खुंटी ठोकत होतो. मान वर केली तर मागच्या दारात चारुशीला. हातात पिशवी. किती वेळ उभी होती कोण जाणे. पत्र नाही, काही नाही.
म्हणाली, "अहो, वरवंटा आहे तो."
मी म्हटलं, तुला सरप्राइज द्यायचं होतं.
ती वाकली, खुंटी दोन बोटांनी हलवली. निघाली. मग पडलेल्या पपईकडे पाहिलं. पदर खोचला, कुंपणापाशी जाऊन सूर्यभानला हाक मारली, "भाऊ, हे कसं करायचं ते सांगता का मला?"
मलाही सूर्यभानला विचारता आलं असतं तसं. सुचलं नाही.
सूर्यभाननं बाभळीचे हातभर खुंट आणले. कोपऱ्या-कोपऱ्यावर गुडघाभर चर खणले. खुंटाच्या मध्यावर दोर बांधून तो चरात आडवा घालायचा, वर माती, पाणी, पुन्हा माती. तिनं साडी वर खोचून माती पायांनी तुडवली. मी बादल्या भरून आणल्या. तीन तास तिघं काम करत होतो. ती दोनदा हसली. इतका चांगला रविवार आठवत नाही.
सूर्यभाननं दोर ओढून पाहिला. म्हणाला, "आता बैल बांधा, बाई. हालत नाई."
तो गेल्यावर आम्ही तंबूत चहा घेतला. तिनं सांगितलं. शाळेनं कायम केलंय. स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्यात. शिलाई मशीन आणि ट्रंक न्यायला आली आहे.
मी म्हटलं, बारा तारखेचं काय?
ती म्हणाली, "तुम्ही अकोल्याला बदली मागणार होतात. अर्ज केलात?"
मसुदा तयार आहे, म्हटलं.
"दहा महिने तयारच आहे तो. मी दर महिन्याला विचारायची. मग विचारायचं सोडलं. तुमच्या लक्षात आलं का?"
मी म्हटलं, दोर नवे आहेत, चिखलदऱ्याला मुरूम लागतो, तिथे खुंट्या जास्त चांगल्या बसतात. का म्हटलं, माहीत नाही.
ती कपबशा विसळायला घेऊन गेली. वरवंटा धुऊन जागेवर ठेवला. संध्याकाळच्या बसला मी मशीन चढवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "दुधाचं बघा."
मी छान हात हलवला.

७ मे.
जोराची वावटळ. समोरच्यांचे पत्रे उडाले. तंबू जागचा हलला नाही. बाहेर येऊन सगळ्यांना दाखवला.
बदलीचा अर्ज उद्या नक्की. मसुद्यात एक शब्द खटकतो आहे.

९ मे.
शब्द अजून सुचलेला नाही.

१२ मे, रविवार. सकाळी ११.
एकट्यानं जायचं ठरवलं होतं. माणसानं स्वावलंबी असावं. पहाटे पाचला तंबू काढायला घेतला. दोरांच्या गाठी मातीत गाडलेल्या. माती वाळून दगड झालेली. कुदळ मारली, दांडा हातात आला. बस सातला गेली.
सूर्यभान येऊन बघून गेला. म्हणाला, "बाईनं लय पक्कं तुडवलं. चार बादल्या पानी ओता. सांजलोक सुटते."
बादल्या भरून ठेवल्या आहेत.
ओतल्या नाहीत.